नाथांचा तुर्क आपल्याला का आठवत नाही?

मागेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक.

आजचा विषय ‘आपण आणि ते : संवादाचं तत्त्वज्ञान’ असा ठरला आहे. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलण्याची एक सोय असते : बोललेलं कुणालाच लागत नाही. ‘संवाद साधला पाहिजे’ या वाक्याला विरोध करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. म्हणून मी विषय लहान करून घेणार आहे. एकच मजकूर घेऊ. सोळाव्या शतकातला, मराठीतला, पैठणच्या एकनाथांचा. त्याचं नाव ‘हिंदू-तुर्क संवाद’.

हात वर करा बघू, हे नाव किती जणांनी ऐकलंय? पाच-सहा. वाचलंय किती जणांनी? दोन. बरं, आणि नाथांच्या अंगावर थुंकणाऱ्या यवनाची गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? (हशा) सगळ्यांना. माझं आजचं म्हणणं जवळजवळ या तीन प्रश्नांतच आलं. पुढचं फक्त स्पष्टीकरण समजा.

आधी ती गोष्ट घेऊ. नाथ गोदावरीवर स्नान करून परत येताहेत. वाटेत एक यवन बसलेला. तो त्यांच्या अंगावर थुंकतो. नाथ काही न बोलता पुन्हा नदीवर जातात, स्नान करून येतात. तो पुन्हा थुंकतो. कुणी म्हणतं, असं १०८ वेळा झालं. शेवटी तोच थकतो, ओशाळतो आणि नाथांचे पाय धरतो. आपण ही गोष्ट लहानपणी ऐकली, मुलांना सांगितली, आता नातवंडांना सांगतो. तिच्यात नाथ मोठे होतात, यात शंका नाही.

पण जरा त्या यवनाकडे बघा. त्याला नाव नाही. त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्याला तोंड आहे ते फक्त थुंकायला. तो का थुंकतो, त्याच्या मनात काय सल आहे, हे गोष्टीत कुणी विचारत नाही, कारण गोष्टीला त्याची गरजच नाही. आणि गोष्ट संपते कुठे? तो शरण येतो तिथे. ही सहनशीलतेची गोष्ट आहे. सहनशीलता हा मोठा गुण आहे, पण ती एकट्यानं पाळता येते. समोरच्यानं काही बोलायची आवश्यकता नसते. उलट तो जितका वाईट वागेल तितकी आपली सहनशीलता उजळून दिसते.

आता नाथांनी स्वतः लिहिलेला तुर्क बघा. हा बोलतो, आणि काय बोलतो! साठाहून अधिक कडव्यांची ही रचना आहे, भारुडाच्या अंगानं जाणारी, सरळ प्रश्नोत्तराची. तुर्काच्या तोंडी दखनी वळणाची भाषा मिसळलेली आहे, म्हणजे लेखकानं त्याची बोली कान देऊन ऐकलेली आहे. आणि हा तुर्क हिंदूला अगदी वर्मावर बोट ठेवून विचारतो. तुमचा ब्रह्मदेव स्वतःच्या मुलीच्या मागे लागला, हे तुमच्याच पोथीत आहे ना? तुमचा देव बळीच्या दाराशी भीक मागायला गेला ना? दगडाच्या बाहुल्या करता आणि त्यांच्यापुढे हात जोडता? पाण्यात बुड्या मारून शुद्ध होता येतं का? आणि ही जेवणातली शिवाशिव, हे सोवळं-ओवळं, हा काय प्रकार आहे?

हिंदूही गप्प बसत नाही. तो विचारतो, तुझा अल्ला सगळीकडे आहे म्हणतोस, मग पश्चिमेलाच तोंड का करतोस? बाकीच्या दिशा काय ओस पडल्या? पाच वेळच्या नमाजाचा काळ देवाचा, मग उरलेला वेळ कुणाचा? जीव मारून पुण्य कसं लागतं? आणि शेवटी तो सगळ्यात मोठा प्रश्न टाकतो. हिंदूला धरून मुसलमान करतोस, तर मग देवानं हिंदू निर्माण करण्यात चूक केली, असं तुझं म्हणणं आहे काय?

लक्षात घ्या, हे निजामशाहीत लिहिलेलं आहे. नाथांचा काळ परंपरेनं १५३३ ते १५९९ मानतात. पैठण अहमदनगरच्या राज्यात. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर, म्हणजे दौलताबादेत, त्याच निजामशाहीच्या चाकरीत. तिथून खुलदाबाद काही कोसांवर, सूफींच्या दर्ग्यांचं गाव. आणि ही निजामशाही १४९० मध्ये ज्या मलिक अहमदनं स्थापली, त्याचा बाप मूळचा पाथरीकडचा ब्राह्मण होता, असं फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. म्हणजे त्या काळी मराठी माणूस ‘तुर्क’ म्हणाला की समोर समरकंदहून आलेला घोडेस्वारच असेल असं नाही. तो चार पिढ्यांपूर्वीचा आपलाच भाऊबंदही असू शकत होता. ‘आपण’ आणि ‘ते’ ही रेघ नकाशावर नव्हती. ती गावातून, कधीकधी घरातून जात होती.

आता मी जरा माझ्या विषयात शिरतो. कंटाळू नका, थोडंच सांगणार आहे.

न्यायसूत्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. आपण मराठीत ‘वाद’ हा शब्द भांडण या अर्थी बिघडवून टाकला, पण मुळात वाद म्हणजे सत्य कळावं म्हणून, प्रमाणं देऊन केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली चर्चा. त्यात छळ चालतो, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ काढणं चालतं. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडणं. आपल्याकडच्या संध्याकाळच्या दूरदर्शन चर्चा कोणत्या प्रकारात बसतात, ते तुम्हीच ठरवा. (हशा) चरकसंहितेतही वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार आहेत : संधाय संभाषा, म्हणजे मिळून केलेलं बोलणं, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे कुरघोडीचं बोलणं. तेव्हा हा फरक आपल्या परंपरेला नीट ठाऊक होता.

जल्पाचा एक विचित्र गुण आहे. त्यात माणूस स्वतःचं नुकसान करूनही जिंकायला बघतो. हेन्री ताजफेल नावाचा मानसशास्त्रज्ञ होता, पोलंडमधला ज्यू. नाझींच्या संहारात त्याचं कुटुंब गेलं. त्यानं १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. मुलांना सांगितलं, तुम्हाला क्ले नावाच्या चित्रकाराची चित्रं आवडतात आणि तुम्हाला कांडिन्स्कीची. खरं तर गट चिठ्ठ्या टाकाव्या तसे पाडले होते. मग दोन्ही गटांतल्या मुलांना पैसे वाटून द्यायला सांगितले. आपल्या गटातल्या मुलाला जास्त मिळतील असं वाटप करण्याकडे मुलांचा कल होता, हे समजण्यासारखं आहे. पण काही वाटपं अशी होती की आपल्या गटाला एकूण कमी मिळालं तरी चालेल, दुसऱ्या गटाहून जास्त मिळालं म्हणजे झालं. मुलं तिकडेही झुकली. ना धर्म, ना इतिहास, ना कुठली जुनी जखम. नुसतं नाव दिलं आणि रेघ उमटली.

म्हणून मला त्या लोकांचं म्हणणं पटत नाही, जे म्हणतात की धर्म काढून टाका, म्हणजे भेद जाईल. रेघ ओढायला माणसाला क्लेची चित्रंही पुरतात.

आता परत नाथांकडे. त्यांचा हा संवाद कोणत्या प्रकारात बसतो? सुरुवातीला सरळसरळ वितंडा आहे. दोघंही फक्त पाडताहेत. एक म्हणतो तुझा देव असा, दुसरा म्हणतो तुझा विधी तसा. आपल्याकडे जे या रचनेचं नाव घेतात ते बहुधा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग सांगतात. सुरुवातीला नाथ म्हणतात की दोघांचं ध्येय एक, भजायची रीत वेगळी. आणि शेवटी दोघं एकमेकांना वंदन करतात, आलिंगन देतात. मधली भांडणाची कडवी आपण सभ्यपणे गाळतो. मला वाटतं, आपली चूक इथे आहे. त्या मधल्या भांडणाशिवाय शेवटच्या आलिंगनाला काही किंमत नाही. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ हे वाक्य कुणाचंही काही न ऐकता म्हणता येतं. आणि ज्यानं ऐकलंच नाही, त्यानं दिलेली मिठी ही फोटोपुरती असते.

मधल्या कडव्यांत नेमकं काय घडतं? लेखक हिंदू आहे, ब्राह्मण आहे, भागवतावर टीका लिहिणारा आहे. १५७३ साली वाराणसीत त्यानं एकनाथी भागवत पुरं केलं. असा माणूस आपल्याच देवांवरचे सगळ्यात बोचरे आक्षेप समोरच्याच्या तोंडी घालतो, आणि ते मिळमिळीत करत नाही. शास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. पूर्वपक्षाचा नियम असा, की प्रतिपक्षाचं म्हणणं इतकं नीट मांडायचं की तो स्वतः म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. आपले जुने आचार्य बौद्धांचा, जैनांचा, मीमांसकांचा पूर्वपक्ष पानंच्या पानं मांडत. पण तो पंडितांच्या सभेतला. नाथांनी तो चव्हाट्यावर आणला. संस्कृत न येणाऱ्या माणसापुढे, भारुडात, ‘त्यां’चा पूर्वपक्ष त्यांच्या बोलीत मांडला. मला ही या रचनेची खरी थोरवी वाटते.

आणि आणखी एक. तुर्काचे काही आक्षेप नाथांचे स्वतःचेच आहेत. सोवळ्याओवळ्यावर, कोरड्या कर्मठपणावर नाथांनी इतरत्र काय कमी बोललंय? श्राद्धाचं जेवण अस्पृश्यांना वाढल्याची कथा आपण सांगतोच. म्हणजे परक्याच्या तोंडून त्यांना आपल्या घरातलं खरं बोलता आलं. ‘ते’ आपल्याविषयी जे बोलतात त्यात कधीकधी आपलाच दाबून टाकलेला आवाज असतो.

पण आता टीकाही केली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान म्हणजे आरती होईल.

पहिला आक्षेप. दोन्ही बाजू एकाच माणसानं लिहिल्या आहेत. तुर्क कितीही बोलका असला तरी तो नाथांचा तुर्क आहे. पैठणच्या कुणा मौलवीनं हाच संवाद लिहिला असता तर हिंदू कसा बोलला असता? ते पान आपल्याकडे नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शेवटी दोघांचं जे एकमत होतं, ते कोणत्या भाषेत होतं? अद्वैताच्या. भेद खरा नाही, एकच एक आहे, ही नाथांची भूमिका. तुर्क ती फार लवकर मान्य करतो. खुलदाबादच्या परिसरातला एखादा सूफी ती खरंच मान्य करता, कारण सूफींमध्ये ‘असणं एकच आहे’ असं मानणारी मोठी परंपरा आहे. पण प्रत्येक मुसलमान करणार नाही. अल्ला आणि बंदा यांतलं अंतर हे ज्याच्या श्रद्धेचं मर्म आहे, त्याला ‘आपण एकच’ हे आमंत्रण वाटणार नाही, गिळून टाकणं वाटेल. आपण पुष्कळदा प्रेमानं म्हणतो, ‘अरे, तू वेगळा कुठे आहेस, तू आमच्यातलाच.’ यात माया असते, मान्य. पण समोरच्याला कधीकधी वेगळंच राहायचं असतं, आणि तसं राहूनही शेजारी राहायचं असतं.

तरी एक गोष्ट नाथांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. संवाद संपतो तेव्हा कुणी कुणाच्या धर्मात जात नाही. तुर्क तुर्कच राहतो, हिंदू हिंदूच. थुंकणाऱ्या यवनाच्या गोष्टीत एकजण पाया पडतो. इथे दोघं एकमेकांना वंदन करतात. हा फरक लहान नाही.

तिसरा मुद्दा सत्तेचा. नाथांच्या काळी राज्य तुर्काचं होतं. हिंदूनं तोंडावर ‘देवानं चूक केली काय’ विचारणं हे धाडस होतं. आज तीच वाक्यं म्हणायला आपल्याला काय धाडस लागतं? संख्या आपली, कचेरी आपली, सोसायटीचं रजिस्टर आपल्या कपाटात. तेव्हा आज हा संवाद वाचताना आपण हिंदूची वाक्यं मोठ्यानं म्हणायची की तुर्काची वाक्यं शांतपणे ऐकायची? माझं उत्तर तुमच्या लक्षात आलं असेल.

कुणी म्हणेल, सर, हे सगळं पोथीतलं. तर पोथीबाहेरचं एक उदाहरण. भिवंडी. यंत्रमागांचं गाव. १९७० मध्ये तिथे मोठी दंगल झाली, १९८४ मध्ये पुन्हा. पुढे सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त होऊन आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. वस्तीतले हिंदू आणि मुसलमान, शक्यतो सारख्या संख्येनं, आणि सोबत पोलीस. पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांवर भर. ही मंडळी नियमानं बसत. बोलणं कशावर? नळ, गटार, मिरवणुकीचा रस्ता, कुणाचं कुणाशी वाजलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली.

इथे कुणीही अद्वैतावर बोललं नव्हतं. कुणी कुणाला ‘आपण एकच’ म्हणालं नव्हतं. फक्त अफवा उठली तेव्हा खरं काय ते विचारायला पलीकडे एक ओळखीचा माणूस होता, आणि ही ओळख संकट येण्याच्या आधी झालेली होती. आग लागल्यावर विहीर खणत बसायचं नसतं, ही आपलीच म्हण आहे, ती इथे कुणीतरी पाळली. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात भारतातल्या शहरांच्या जोड्या तपासल्या, एक दंगलीचं आणि एक शांत. त्यांचा निष्कर्ष याच दिशेचा आहे. नुसती शेजारधर्माची ये-जा मोठ्या शहरात पुरत नाही. धंदा, संघटना, समित्या अशा जागी दोन्हीकडची माणसं एकत्र गुंतलेली असली तर गाव सावरतं.

आता एक गोष्ट माझी. सांगू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत एक फ्लॅट विकायचा होता. घ्यायला एक मुसलमान जोडपं आलं, दोघंही शिक्षक. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सभा भरली. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी होती, पण बोलणं या फ्लॅटवरच गेलं. एकजण म्हणाले, ‘माणसं चांगली असतील हो, पण आपल्यातली नाहीत. उगाच कटकट नको.’ दोघा-चौघांनी माना डोलावल्या. माझ्याकडे बघून कुणीतरी म्हणालं, ‘सरांना काय वाटतं?’ मी तीस-बत्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं होतं. समोरचा कदाचित बरोबर असेल असं धरून चालणं हा समजून घेण्याचा प्राण आहे, हे गाडामरचं म्हणणं मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. मी म्हणालो, ‘बहुमत जे ठरवेल ते.’

सभा संपवून बाहेर आलो, तर फाटकापाशी ते गृहस्थ स्कूटरला टेकून उभे. त्यांना वाटलं होतं, आपल्याला आत बोलावतील, काही विचारतील. त्यांनी मला विचारलं, ‘सर, काय ठरलं?’ मी म्हणालो, ‘अजून काही ठरलं नाही.’ ते खोटं होतं. त्यांना ते कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते ‘बरं सर’ म्हणाले आणि गेले.

त्या सभेत आम्ही तास-दीड तास ‘त्यां’च्याविषयी बोललो. ते वीस पावलांवर उभे होते. आमच्यातल्या कुणीही वाईट शब्द वापरला नाही. सगळं अगदी सभ्यपणे झालं. नाथांच्या संवादात शिव्याशाप आहेत, टोमणे आहेत, एकमेकांच्या देवाची टिंगल आहे, पण दोघं समोरासमोर आहेत. आमच्या सभेत एकही टोमणा नव्हता आणि समोर कुणी नव्हतं. त्या दिवसापासून मला सभ्य शांततेची भीती वाटते. त्या गृहस्थांनी आत येऊन ‘तुम्ही मला का नाकारता?’ असं रागानं विचारलं असतं, तर आम्हाला निदान उत्तर शोधावं लागलं असतं.

म्हणून माझी विनंती एवढीच. ‘हिंदू-तुर्क संवाद’ मिळवून वाचा, आणि मधलं भांडण गाळू नका. तुर्काची वाक्यं घरात मोठ्यानं वाचा. राग आला तर येऊ द्या. मग स्वतःला विचारा, यातला कोणता आक्षेप खरा आहे? आणि जे तुमच्या दृष्टीनं ‘ते’ आहेत, मग ते दुसऱ्या धर्माचे असोत, जातीचे असोत, पक्षाचे असोत, त्यांचं म्हणणं एका कागदावर असं लिहून बघा की वाचून ते म्हणतील, हो, असंच. मला स्वतःला हे अजून नीट जमत नाही.

वेळ झाली, पण एखादा प्रश्न घेऊ. हां, तुम्ही विचारा ताई.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, समोरच्याला बोलायचंच नसेल, तो द्वेषानंच भरलेला असेल तर?)

चांगला प्रश्न आहे. असे लोक असतात, आणि त्यांच्यासाठी कायदा असतो, पोलीस असतात. संवाद हे दंगलखोरावरचं औषध आहे असं मी म्हणत नाही. भिवंडीतही कमिट्यांसोबत पोलीस होतेच. पण ताई, एक प्रश्न मी उलटा विचारतो. ‘त्याला बोलायचंच नाही’ हे आपल्याला कसं कळलं? आपण विचारलं होतं का? माझ्या फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाला बोलायचं होतं. सभेत मात्र सगळे धरूनच चालले होते की त्याच्याशी बोलण्यासारखं काही नाही. प्रत्येक वेळी असंच असतं असं नाही. पण आधी एकदा फाटकापर्यंत जाऊन यावं, इतकंच माझं म्हणणं.

पुढच्या वेळी शेख महंमदांवर बोलू. श्रीगोंद्याचे, जन्मानं मुसलमान, ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिणारे. तिथे ‘पलीकडच्या’ माणसानं स्वतः लिहिलेलं मराठी पान आपल्याला वाचायला मिळेल.